लाल रंगातली एक ओळ

बेसबॉलमधल्या गाजलेल्या ट्रेड्सची, म्हणजे टीम्समधल्या खेळाडूंच्या अदलाबदलींची, माझी एक एक्सेल फाइल आहे. सौद्यात जी टीम गंडली, तिची ओळ लाल. १२ ऑगस्ट १९८७ ची ओळ मी डोळे झाकून लाल केली होती. डेट्रॉइट टायगर्सनी अटलांटा ब्रेव्ह्जना जॉन स्मोल्ट्झ देऊन डॉयल अलेक्झांडर घेतला. दोघंही पिचर, म्हणजे बॉल टाकणारे. स्मोल्ट्झनं पुढे २१३ मॅच जिंकल्या, १५४ सेव्ह घेतले (म्हणजे शेवटी येऊन टीमची आघाडी राखली), १९९६ चं साय यंग, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचं बक्षीस, पटकावलं आणि २०१५ मध्ये तो दिग्गजांच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. अलेक्झांडर १९८९ नंतर घरी बसला. यात बघायचं काय?

परवा धाकटा भाऊ फाइल चाळताना म्हणाला, "ताई, अलेक्झांडरचा रकाना रिकामा का गं?" खरंच, मी तो भरलाच नव्हता. मग बसले भरायला.

टायगर्सकडून त्या मोसमात ११ स्टार्ट (मॅचची सुरुवात त्यानं केली), ९ विजय, पराभव शून्य, ईआरए (दर नऊ इनिंगमागे दिलेले रन, जितके कमी तितकं चांगलं) १.५३. छत्तिशीतल्या पिचरचा! मी आकडा दोनदा तपासला.

त्यात शेवटचा आठवडा कसला होता! सात मॅच उरलेल्या आणि डिव्हिजनमधला (लीगमधल्या गटातला) प्रतिस्पर्धी टोरोंटो साडेतीन मॅचनी पुढे. तिथून ते सातही हरले. त्यातल्या शेवटच्या तीन डेट्रॉइटच्या मैदानावर. शुक्रवारी अलेक्झांडर ४-३ नं जिंकला, शनिवारची मॅच बाराव्या इनिंगपर्यंत लांबली, रविवारी फ्रँक टनानानं १-० नं काम संपवलं. टायगर्स ९८ विजय, टोरोंटो ९६. म्हणजे डिव्हिजन हाती आलं ते दोन मॅचनी, आणि या बाबानं नऊ जिंकून दिल्या होत्या.

आणि स्मोल्ट्झ? तेव्हा वीस वर्षांचा, डबल-एमध्ये (मुख्य लीगच्या दोन पायऱ्या खाली), ४ विजय, १० पराभव, ईआरए ५.६८. ट्रेडच्या दिवशी टायगर्सच्या टेबलावर हा कागद होता. हॉल ऑफ फेमची पाटी त्यावर कुणाला दिसणार? (पोरगा मिशिगनचाच, लहानपणापासून टायगर्सवेडा. १९९१ च्या वर्ल्ड सीरिजच्या (अंतिम मालिकेच्या) सातव्या मॅचला त्याच्यासमोर पिचिंगला कोण, तर त्याच १९८७ च्या टायगर्समधला, आता मिनेसोटाकडे गेलेला जॅक मॉरिस. मॉरिस दहा इनिंग टाकून १-० नं जिंकला.)

मी ओळीचा लाल रंग काढला. भावानं लगेच १९६४ च्या लू ब्रॉक ट्रेडवर बोट ठेवलं. त्यात शिकागो कब्जनी पुढे स्टार झालेला ब्रॉक देऊन पिचर ब्रॉग्लिओ घेतला होता. "मग कब्जची पण काढ. आदल्या वर्षी ब्रॉग्लिओनं १८ जिंकल्या होत्या, कागद तर चांगलाच होता." होता ना. पण कब्जकडे तो तीन मोसमांत ७ जिंकला, १९ हरला. टायगर्सना निदान हवं होतं ते मिळालं, कब्जना तेही नाही. ती ओळ लालच.

स्मोल्ट्झची सध्या पिवळी आहे. भावाला ती हिरवी, म्हणजे फायद्याची, हवी होती. त्या वर्षीच्या प्लेऑफमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेरीत) अलेक्झांडर त्याच्या दोन्ही मॅच हरला, १९८९ मध्ये १८ हरला आणि टायगर्स पुढचं प्लेऑफ थेट २००६ मध्ये खेळले, हे दाखवल्यावर गप्प बसला.