वेस्टाचा नकाशा, नोंद चौथी: दीडशे अंशांचा घोळ

मागच्या नोंदीच्या शेवटी "पुढच्या वेळी पूर्ण गोळा दाखवतो" असं मी बेधडक लिहून टाकलं होतं. वेस्टा या लघुग्रहाचा तो गोळा झाला. फक्त त्यावरच्या नावांचा आणि विवरांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. मार्सिया या विवराचं नाव लिहिलंय तिथे सपाट, आणि खरं मार्सिया भलतीकडेच, बिननावाचं. ते निस्तरण्यात तीन आठवडे गेले. त्यामुळे ही नोंद प्रगतीची कमी आणि कबुलीजबाबाची जास्त आहे.

नव्याने येणाऱ्यांसाठी दोन ओळी. नासाचं डॉन यान १६ जुलै २०११ ते ५ सप्टेंबर २०१२ वेस्टाभोवती फिरत होतं. त्याच्या फ्रेमिंग कॅमेऱ्याच्या मूळ प्रतिमा सगळ्यांसाठी खुल्या आहेत. त्यावरून आम्ही तिघं घरच्या संगणकांवर वेस्टाचा नकाशा स्वतः बनवतोय. जर्मन अंतराळ संस्थेच्या गटाने केलेले तयार नकाशे आहेत आणि ते आमच्यापेक्षा कितीतरी सरस आहेत, हे ठाऊक आहे. तो नकाशा बनतो कसा, हे हात काळे करून कळावं, एवढाच आमचा स्वार्थ.

किती बारीक नकाशा करायचा यावर आमचं पुष्कळ भांडण झालं होतं. यान तीन उंचींवर राहिलं: आधी सुमारे २७०० किमी, मग ६८०, मग २१०. कॅमेऱ्याचा एक पिक्सेल साधारण ९३.७ मायक्रोरेडियनचा कोन पाहतो, म्हणजे सर्वांत खालच्या कक्षेतून एका पिक्सेलमध्ये जेमतेम २० मीटर, तर मधल्या कक्षेतून ६४ मीटर येतात. आमच्यातल्या ब्लेंडरवाल्याला (ब्लेंडर या सॉफ्टवेअरवर त्रिमितीय गोळा बनवणाऱ्याला) अर्थातच २० मीटर हवे होते. मग गणित मांडलं. वेस्टाला नकाशासाठी २५५ किमी त्रिज्येचा गोल मानला तर विषुववृत्त १६०० किमीचं होतं. २० मीटरने भागलं की नकाशाची रुंदी ८० हजार पिक्सेल आणि उंची ४० हजार. प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरले तर एकाच थराला जवळपास १३ जीबी. त्याच्या मशीनने एकदा प्रयत्न केला आणि मान टाकली. ६० मीटरवर हाच थर दीड जीबीच्या आत बसतो. भांडण तिथेच मिटलं. मधल्या कक्षेवर शिक्कामोर्तब झालं.

आता मुख्य घोळ.

प्रतिमा आयसिस या ग्रहांचे नकाशे बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आणायच्या, त्यातल्या स्पाइसइनिटने प्रत्येकीला यान कुठे होतं आणि कॅमेरा कुठे रोखला होता ते जोडायचं, कॅमटूमॅपने नकाशावर पसरायचं, ही पायरी आता आमची पाठ झाली आहे. सगळ्या प्रतिमा जोडून झालेला मोझेक दिसायलाही छान आला. मग त्यावर विवरांची नावं बसवायला घेतली. नावांची यादी आमच्यातल्या फोटोमेट्रीवालीने (प्रतिमांच्या उजळपणाचा हिशेब बघणारीने) शोधनिबंधांतल्या नकाशांवरून केली होती. नीट केली होती, दशांश चिन्हासकट. तीच यादी चढवली आणि मगाशी सांगितलेला तमाशा झाला.

पहिला संशय आला तो प्रतिमा उलटी झाल्याचा. पूर्व रेखांश आणि पश्चिम रेखांश यांची अदलाबदल करून आपण सगळ्यांनीच कधी ना कधी तोंड पोळून घेतलंय. पण आरशातली प्रतिमा असती तर विवरांचा क्रमही उलटा दिसला असता. इथे क्रम बरोबर होता, सगळा संच जसाच्या तसा बाजूला सरकलेला. मग वाटलं, एक नकाशा ० ते ३६० असणार आणि दुसरा उणे १८० ते १८०. म्हणून १८० ने सरकवला, तरी ३० अंश उरलेच. या ३० अंशांनी मला चार रात्री छळलं. वेस्टा ५ तास २० मिनिटांत स्वतःभोवती फिरते, म्हणजे दिवसाला जवळजवळ १६१७ अंश. तेव्हा वेळेत अर्ध्या तासाची चूक झाली तर साधारण ३० अंश येतात, असं मी सिद्धही करून टाकलं होतं! वेळेच्या फाइली पुन्हा उतरवल्या, लीप सेकंद तपासले. काही सापडलं नाही, कारण तिथे काही नव्हतंच.

उत्तर होतं क्लॉडियात. क्लॉडिया म्हणजे विषुववृत्ताजवळचं जेमतेम ७०० मीटरचं चिमुकलं विवर. वेस्टाचे रेखांश याच्यावरून बांधलेले आहेत. पण दोन तऱ्हांनी. डॉनच्या वैज्ञानिकांनी शोधनिबंधांत जी पद्धत वापरली तीत क्लॉडियाचा रेखांश ३५६ अंश पूर्व आहे. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने मान्य केलेल्या पद्धतीत तोच १४६ अंश. अधिकृत संग्रहातल्या फाइली दुसऱ्या पद्धतीच्या, निबंधांतली चित्रं पहिल्या. पहिल्यात १५० मिळवले की दुसरा मिळतो. मार्सिया निबंधांत १९० च्या आसपास आणि आमच्या मोझेकवर ३४० ला. दोन्ही बरोबर. १८० ने सरकवलं तेव्हा उरलेले ३० अंश म्हणजे १८० वजा हेच १५०. माझं ते अर्ध्या तासाचं प्रमेय कचऱ्याच्या टोपलीत गेलं.

याला हबल दुर्बिणीच्या काळची तिसरी पद्धतही आहे, ओल्बर्स नावाच्या काळपट प्रदेशावरून मोजलेली. तेव्हा हाताला लागलेला नकाशा कुठल्या पद्धतीचा ते आधी पाहा. डॉनच्या प्रतिमांवरून केलेला असेल तर त्यावर क्लॉडिया शोधा आणि तिचा रेखांश वाचा. मगच पुढे जा. आम्ही आता प्रत्येक फाइलच्या नावातच १४६ किंवा ३५६ लिहितो. दिसायला गबाळं आहे, पण कामाचं आहे.

नावं जागेवर बसली त्या रात्रीचं पहिलं चित्र मी जपून ठेवलंय. मार्सिया, कॅल्पूर्निया आणि मिनुसिया ही एकाला एक चिकटलेली तीन विवरं. इंग्रजीत त्यांना हिममानव म्हणतात. उत्तर वर धरून पाहिलं तर सर्वांत मोठं मार्सिया तळाला आणि सर्वांत लहान मिनुसिया वर, म्हणून आमच्यात त्याचं नाव उतरंड पडलंय.

गाडी रुळावर आली म्हणेपर्यंत ब्लेंडरवाल्याकडे घोडं अडलं. त्याने गोल घेतला, त्यावर उंचीनकाशा चढवला, आणि वेस्टा गोटीसारखी गरगरीत निघाली. खरी वेस्टा अशी नाही. ती लांबीरुंदीला ५७३ आणि ५५७ किमी, पण ध्रुवाकडून ४४६ च, आणि दक्षिणेला तर रियासिल्व्हियाच्या सुमारे ५०० किमीच्या खोऱ्याने तिचा बूडच उडवलाय. कारण साधं होतं. उंचीनकाशातले आकडे २८५ बाय २२९ किमी अर्धव्यासांच्या चपट्या लंबगोलापासून मोजलेले आहेत आणि याने ते गोलावर चढवले. "मग गोल वरून ०.८ ने दाबतो," म्हणाला आणि दाबला. आकार सुधारला, पण मधल्या अक्षांशांवरची विवरं विषुववृत्ताकडे घसरली. गोल नुसता दाबला की ४५ अंशावरचा बिंदू केंद्रातून पाहता ३९ च्याही आत येतो. त्यात पृष्ठभागाच्या लंबावरून मोजलेला अक्षांश आणि केंद्रावरून मोजलेला अक्षांश यांची गल्लत झाली तर वेस्टावर १२ अंशांपर्यंत फरक पडतो. पृथ्वीवर हाच फरक अंशाच्या पाचव्या भागाएवढा, म्हणून आपल्याला त्याची सवय नसते. लघुग्रहावर तो थेट अंगावर येतो.

शेवटी दाबादाबी सोडून दिली. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत प्रत्येक अक्षांशाला लंबगोलाची त्रिज्या काढली (४५ ला ती २५२.५ किमी येते), तीत उंची मिळवली आणि सरळ क्ष, य, झ लिहून जाळी तयार केली. तीस ओळींचं काम. हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर, असं म्हणायचा मोह मी आवरतो. रियासिल्व्हियाच्या मधला २० किमीहून उंच डोंगर आता बाजूने पाहताना श्वास रोखायला लावतो. आणि आम्ही उंची अजिबात ताणलेली नाही. सर्वांत खोल आणि सर्वांत उंच जागांत मुळातच ४० किमीचा फरक आहे, तिखटमीठ कशाला लावायचं?

उजळपणाचं काम फोटोमेट्रीवाली बघते आणि ते बऱ्यापैकी मार्गी लागलंय. वेगवेगळ्या उन्हात टिपलेल्या प्रतिमा शेजारी ठेवल्या की गोधडी होते. तिने उन्हाच्या आणि पाहण्याच्या कोनांवरून उजळपणा सारखा करणारी लॉमेल-झेलिगर दुरुस्ती लावून लंबापासून ७५ अंशांपेक्षा तिरकं ऊन असलेले भाग सरळ कापून टाकले. शिवणी नव्वद टक्के गेल्या. उरलेल्या शिवणी रियासिल्व्हियाच्या कडेवर, मॅट्रोनालिया रुपेसच्या उभ्या कड्यापाशी आहेत. तिथे उताराचा हिशेब उंचीनकाशावरूनच घ्यावा लागेल, गोलावरून चालणार नाही.

रंगांना हात लावलाय, पण दाखवण्यासारखं काही नाही. ७५० आणि ९२० नॅनोमीटरच्या फिल्टरांचं गुणोत्तर घेतलं की पायरॉक्सिन या खनिजाचा शोषणपट्टा (ज्या तरंगलांबींचा प्रकाश ते शोषतं तो पट्टा) पकडता यायला हवा. आमच्या गुणोत्तरात मात्र प्रत्येक प्रतिमेच्या कडेने मंद प्रभावळ दिसते. या कॅमेऱ्याच्या रंगीत फिल्टरांत भटका प्रकाश आतल्या आत परावर्तित होतो, हे माहीत असलेलं दुखणं आहे. दुरुस्त केलेल्या प्रतिमा संग्रहात आहेत, आम्ही उगाच कच्च्या घेतल्या. त्या पुन्हा उतरवतोय.

राहिला उत्तर ध्रुव. यान पोचलं तेव्हा वेस्टाच्या दक्षिणेला उन्हाळा होता आणि साधारण ५० अंश उत्तरेच्या वर काळोख. २०१२ च्या जून-जुलैत यान पुन्हा मधल्या उंचीवर आलं तेव्हा सूर्य विषुववृत्ताकडे सरकला होता, तेव्हाच्या प्रतिमांनी बराचसा भाग भरतो. पण ध्रुवाजवळ ऊन इतकं तिरकं की आमच्या ७५ अंशांच्या नियमात काहीच टिकत नाही. ब्लेंडरवाला म्हणतो, शेजारचा पृष्ठभाग उचलून तिथे पसरू, कुणाला कळणार आहे? दोन मत विरुद्ध एक, असा त्याचा प्रस्ताव पडला. तिथे सध्या राखाडी टोपी आहे आणि ती तशीच राहील. नियम ८५ वर नेऊन काय हाती लागतं ते पाहण्यासाठी त्या जून-जुलैच्या प्रतिमा आज रात्री पुन्हा लावल्यात. काही सावल्यांत विवरांचे नुसते काठ उजळलेले दिसतायत. तेवढे आले तरी टोपी थोडी लहान होईल.