सुखी माणूस

काल साखरपुड्याची पंगत उठली आणि काका कार्यालयातल्या गादीवर आडवे झाले. पाठ टेकते न टेकते तोच घोरणं सुरू. पोरांनी मोबाईल काढले. "सुखी माणूस!" कुणीतरी म्हणालं आणि हशा.

काकू पानाला चुना लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आवाज चालू असतो तोवर मला झोप लागते गं. बंद पडला की खडबडून जाग येते. मग हलवते. मोठा श्वास घेतात, परत सुरू."

हे कुणी ऐकलंच नाही.

स्लीप ॲप्नियात नेमकं हेच होतं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून वाट मिटते, श्वास दहा सेकंद, कधी त्याहूनही जास्त थांबतो. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू माणसाला अर्धवट उठवतो. त्याला सकाळी काही आठवत नाही. फक्त डोकं जड, दुपारी पेंग, आणि गोळ्या घेऊनही बीपी चढलेलंच. काकांचं सगळं जुळतंय. वर ते साताऱ्याहून स्वतः गाडी चालवत आलेत!

तपासणी आता घरीही होते, झोपताना सेन्सर लावून. सीपॅप मशीन मास्कमधून दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवतं. (मास्क म्हटल्यावर काका काय म्हणतील ते मला तोंडपाठ आहे.)

काकूंना विचारलं, डॉक्टरांच्या कानावर घातलंत?

"घोरण्यासाठी कुणी डॉक्टरकडे जातं का?"

तुमच्याकडे गेलंय कुणी? कसं तयार केलंत?