हिप्परग्याच्या काठावर हिमालयापारचे पाहुणे

सोलापूरची गड्ड्याची यात्रा आठवड्यावर आली होती. पहाटे साडेपाचला आतेभावाच्या मोटारसायकलवर मागं बसलो आणि बाळीवेशीतून तुळजापूर रस्ता धरला. अंगाभोवती सोलापुरी चादर घट्ट गुंडाळली होती, तरी बोटं बधिर झालेली.

हिप्परगा तलावावर पोचलो तेव्हा पाणी दिसत नव्हतं, नुसता आवाज येत होता. नाकातून काढलेला, 'आंग, आंग'. फटफटलं तसे पट्टकादंब, म्हणजे रानहंसाची एक जात, दिसू लागले. करडं अंग, पांढरं डोकं आणि डोक्यामागं दोन काळे पट्टे, काजळाचं बोट ओढावं तसे. मी 47 मोजले.

"रात्रभर हरभऱ्यात असतेत ओ," जाळं आवरत बसलेले एक मामा म्हणाले. "कुठनं येतेत म्हणे हे?"

तिबेट, लडाख, मंगोलियातल्या तळ्यांकाठी ह्यांची घरटी, मध्ये हिमालय. हे पक्षी एव्हरेस्टवरून उडतात, असं मी लहानपणापासून ऐकत आलोय. शास्त्रज्ञांनी पाठीवर यंत्रं लावून माग काढला, तेव्हा सर्वात उंच नोंद निघाली 7,290 मीटरची, आणि बहुतेक प्रवास त्याहून बराच खालून. मला तर ही खरी गोष्टच जास्त आवडते. मंगोलियातल्या काही पक्ष्यांच्या पोटात छोटी यंत्रं बसवून हृदयाचे ठोके आणि पंखांची हालचाल मोजली होती. तो अभ्यास 2015 मध्ये छापून आला. हे पक्षी एकदा वर चढून सरळ जात नाहीत. डोंगर आला की चढतात, दरी आली की उतरतात. कमावलेली उंची अशी घालवायची म्हणजे नुसती दमछाक, असंच कुणालाही वाटेल. पण विरळ हवेत पंख मारणं फार महागात पडतं. पंखांची गती 5 टक्क्यांनी वाढली तर ताकदीचा खर्च अंदाजे 41 टक्क्यांनी वाढतो. म्हणून खालच्या दाट हवेत उतरलेलं परवडतं. डोंगरही बहुधा रात्री नाहीतर पहाटे ओलांडतात, हवा गार असताना.

शास्त्रज्ञ जेसिका मायर यांचंही मामांना सांगितलं. आधी त्यांनी अंटार्क्टिकात एम्परर पेंग्विन श्वास रोखून बुडी कशी मारतात ते अभ्यासलं. मग पट्टकादंबांची पिल्लं अंड्यातून बाहेर पडल्यापासून वाढवली. पिल्लं त्यांनाच आई समजायची. मोठी झाल्यावर त्यांना मुखवटा घालून वाऱ्याच्या बोगद्यात उडवलं, ऑक्सिजन फक्त 7 टक्के ठेवून. म्हणजे सुमारे 9,000 मीटरवरची हवा. तरी काही पक्षी उडालेच. 2019 मध्ये हे छापून आलं, त्याच वर्षी मायर अंतराळात गेल्या.

"आईच अंतराळात!" मामा जाळं सोडून हसले. मग आम्हाला बांधावर घेऊन गेले. हरभऱ्याचे शेंडे खुडलेले, ओल्या मातीत पडदेवाले पाय उमटलेले. एक शेंडा मी तोंडात टाकला. आंब अजून ताजी होती, जीभ आंबट झाली.

"मार्चाच्या आसपास जातेत," मामा म्हणाले. "जायच्या आधी लई कालवा करतेत."

मार्चातली दोन दिवसांची रजा मी आजच टाकलीय.