तळहातावरची काठी

आमची प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर होती आणि जिना दगडी, चांगलाच उभा होता. पोलिओमुळे पायांतली शक्ती गेलेल्या माझ्या बाकावरच्या मित्राला आम्ही दोघे जण हातांची पालखी करून वर नेत असू. वर पोहोचेपर्यंत तो कोणाशी बोलत नसे आणि मान खाली घातलेली असे.

नववीत असताना, त्याच प्रयोगशाळेत, विज्ञानाच्या सरांनी नकाशा दाखवायची लांब काठी तळहातावर उभी तोलून धरली आणि मग आम्हांला पेन्सिल तशी उभी करायला सांगितली. काठी बहुतेकांना साधली, पेन्सिल एकालाही साधली नाही. लांब वस्तू सावकाश कलते म्हणून हाताला सावरायला वेळ मिळतो, आणि ती जिकडे कलेल तिकडेच हात न्यावा लागतो, हे सरांनी समजावले. यंत्रमानवांचा जो नाद मला आजही सुटलेला नाही, त्याचे मूळ त्या तासात आहे.

डिसेंबर २००१ मध्ये, मी दहावीत असताना, अमेरिकेतील संशोधक डीन केमन यांनी ‘सेगवे’ हे वाहन जगासमोर आणले. शेजारी शेजारी बसवलेल्या दोन चाकांमधल्या फळीवर माणूस उभा राहतो. तो पुढे झुकला की वाहन पुढे जाते आणि मागे रेलला की थांबते. त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रातून कापून मी सरांना दाखवले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “यात काठी कुठे आहे, सांग.” काठी म्हणजे उभा माणूस आणि तळहात म्हणजे चाके, हे उमगायला मला मधली सुट्टी पुरली.

पदविका झाल्यावर मी तसे छोटे यंत्र करायला घेतले. चाकांचे हब उद्यमनगरातल्या एका मेस्त्रींनी लेथवर काढून दिले. मोटारी मात्र भंगारातल्या, गाडीच्या वायपरच्या होत्या. त्यांच्या गिअरमध्ये थोडी ढिलाई असल्याने यंत्र जागच्या जागी थरथरत राही. कल मोजणारा जायरोस्कोप हळूहळू भरकटतो आणि प्रवेगमापक प्रत्येक धक्क्याने बिचकतो. दोघांची मापे योग्य प्रमाणात एकत्र केली तरच खरा कल कळतो, हे शिकण्यात कित्येक रात्री गेल्या. तरीही यंत्र पडतच होते. मग एके दिवशी सरांची पेन्सिल आठवली. जड बॅटरी मी तळाशी बसवली होती. ती दोन फुटांच्या दांड्यावर, अगदी वर नेऊन बांधली आणि यंत्र उभे राहिले. वजन खाली असले की तोल चांगला राहतो, अशी सर्वांची समजूत असते; दोन चाकांच्या या यंत्राला ती लागू पडत नाही.

सेगवेचे उत्पादन २०२० मध्ये थांबले, याची हळहळ वाटलीच. पण माझे मन अधिक गुंतले ते केमन यांनी त्याआधी विकसित केलेल्या ‘आयबॉट’ या चाकांच्या खुर्चीत, कारण सेगवेचे तंत्र मुळात तिच्यातून आलेले आहे. तिच्या दोन्ही बाजूंना चाकांची एकेक जोडी असते आणि त्या जोड्या स्वतःभोवती फिरवत ती पायऱ्या चढते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती मागच्या दोन चाकांवर उभी राहते आणि बसलेल्या माणसाची नजर उभ्या माणसाच्या नजरेला भिडवते. हे प्रथम वाचले तेव्हा मला जिन्यावरची ती खाली घातलेली मान दिसली. तेव्हापासून माझ्या शेडमध्ये दुसरे कोणतेही यंत्र उभे राहिलेले नाही.

या स्मरणिकेच्या निमित्ताने शाळेत गेलो, तेव्हा टेप घेऊन त्या जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी झिजलेल्या त्या दगडांत एकीची उंची दुसरीशी जुळत नाही, आणि माझा नमुना नेमका अशाच असमान पायरीवर अडतो. संध्याकाळी मित्राला फोन करून हे सांगितले. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “प्रयोगशाळा अजून वरच आहे का रे?”

अजून वरच आहे.