माफीनामा फाडला

2020च्या एप्रिलमध्ये हॉटेलातली नोकरी गेली. न्यू जर्सीचा बेकारभत्ता सुरू झाला, त्यावर जुलैपर्यंत केंद्र सरकारचे आठवड्याला 600 डॉलर. जूनमध्ये एका गोदामात थोडे तास काम मिळालं. भत्त्यासाठी दर आठवड्याला ऑनलाइन सांगावं लागतं, काम केलं का, किती कमावलं. मी पगार हातात पडला त्या आठवड्यात आकडा टाकत गेलो. भरायचा असतो काम केलं त्या आठवड्यात, तोही कर कापायच्या आधीचा! जास्त मिळालेल्या भत्त्याच्या वसुलीचं पत्र आलं, हप्त्यांनी पैसे फेडले.

2025मध्ये नागरिकत्वाचा अर्ज, एन-400, भरायला बसलो. त्यात प्रश्न आहे: अटक झाली नसेल असा एखादा गुन्हा कधी केलाय का? तिथेच अडलो. त्याच वर्षी मार्चमध्ये ओहायोचे खासदार डेव्हिड टेलर यांनी विधेयक मांडलं होतं. सरकारी लाभ फसवून घेतल्याबद्दल दोषी ठरलेल्यालाच नव्हे, तर तशी कबुली देणाऱ्या परदेशी माणसालाही देशाबाहेर काढता यावं, असं त्यात होतं. माझ्यासारखे ग्रीन कार्डवालेही त्यात आलेच. 'कबुली' या शब्दाने माझी झोप उडवली.

आपल्याकडची सवय, चूक झाली की आधी हात जोडायचे. एक पानभर लिहून ओक ट्री रोडवरच्या वकीलबाईंकडे गेलो. पहिलंच वाक्य: 'माझ्याकडून खोटी माहिती दिली गेली, क्षमा असावी.'

बाईंनी कागद उलटा ठेवला आणि वसुलीचं पत्र मागितलं. "यात दंड कुठाय? फसवणूक ठरली असती तर 25 टक्के दंड लागला असता. फसवणुकीला हेतू लागतो. तुमचा आठवडा चुकला. आणि तुम्ही न केलेला गुन्हा सही करून देताय?"

आजच्या कायद्यात फसवणुकीचं नुकसान 10,000 डॉलरच्या वर गेलं की तो 'गंभीर गुन्हा' धरतात, हेही त्यांनीच सांगितलं. 1996पूर्वी ही मर्यादा दोन लाख होती. माझी रक्कम जवळपासही नव्हती, पण तोवर मी मनातल्या मनात बॅगा भरून ठेवल्या होत्या.

काहीच लपवायचं नाही, असं ठरलं. उत्तर 'नाही', सोबत ते पत्र, पावत्या आणि चार ओळी. त्यात तारखा आणि रकमा, बाकी काही नाही. माफीनामा मी तिथेच फाडला.

न्यूअर्कला नागरिकत्वाच्या मुलाखतीत अधिकाऱ्याने विचारलं, "हे पैसे परत का केले?"

"कमाई चुकीच्या आठवड्यात भरली होती."

त्याने पावत्या एकेक करून उलटल्या, फाइल मिटली आणि विचारलं, अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष कोण?