कट सीन स्किप, पहारेकऱ्याची लाईन पाठ

मी गेमच्या गोष्टी अन् डायलॉग लिहिते, आज दिवसभर नुसते बार्क्स लिहून राहिले. बाहेर ऊन असं की मानेवाडा रिंग रोडवर चिटपाखरू नाही, अन् मी कूलरसमोर बसून पहारेकऱ्यांना बोलायला शिकवतेय.

बार्क म्हणजे गेममधला पहारेकरी तुमच्या पायाचा आवाज ऐकून जे बोलतो ते. "कौन है बे उधर?" बस, एवढंच. पण हे एकदा लिहून भागत नाही, कारण खेळणारा त्याच गल्लीत मरून मरून परत येतो आणि दरवेळी तेच वाक्य कानावर पडलं तर तो वैतागून गेमच काढून टाकेल, म्हणून एकाच गोष्टीच्या ढीगभर तऱ्हा लिहाव्या लागतात, इंजिन, म्हणजे गेम चालवणारं सॉफ्टवेअर, त्यातली एखादी उचलतं अन् ती लगेच परत वाजू नये म्हणून तिला थोडा वेळ गप्प बसवतं. एक्सेलची शीट असते, त्यात लाईनचा आयडी, कोण बोलतो, कशामुळे बोलतो, कुजबुजून की ओरडून, आणि जास्तीत जास्त किती अक्षरं. शेवटचा कॉलम लय छळतो. गेम हिंदीत आहे पण आमच्या टीमच्या लीडने काही जागी आपली नागपुरी हिंदी ठेवू दिली, त्याबद्दल त्याला एक प्लेट तर्री पोहे लागू.

परवा एका स्टुडिओकडून विचारणा आलीय. चालू फ्रँचायझीचा, म्हणजे आधीपासून चालत आलेल्या गेम मालिकेचा पुढचा भाग, कॉन्ट्रॅक्टवर. नाव सांगता येत नाही, एनडीए आहे, गुप्ततेचा करार. वहिनी म्हणते एवढं मोठं काम आलं तर विचार काय करून राहिली, घे ना. मी विचार करून राहिले मार्क लेडलॉचा.

हा मूळचा कादंबरीकार माणूस. १९९७ मध्ये व्हॉल्व्ह या गेम कंपनीत गेला, १९९८ च्या 'हाफ-लाइफ' गेमवर काम केलं, मग २००४ मध्ये 'हाफ-लाइफ २'. त्यातला हिरो गॉर्डन फ्रीमन तोंडातून एक शब्द काढत नाही, म्हणजे लेखकाला हिरोचे डायलॉगच नाहीत, सगळी गोष्ट बाकीच्यांच्या बोलण्यातून अन् भिंतींवरून सांगायची. २००७ मध्ये 'एपिसोड टू' आला, गोष्ट ऐन मोक्यावर तुटली आणि पुढचा एपिसोड आलाच नाही. २०१६ मध्ये लेडलॉने कंपनी सोडल्याचं कळलं. २०१७ मध्ये त्याने त्या न आलेल्या भागाची गोष्ट एका पत्राच्या रूपात स्वतःच्या वेबसाइटवर टाकली, पण पात्रांची नावं बदलून, पुरुषाची बाई करून. इतकी वर्षं ज्या पात्रासोबत काढली त्याचं नावसुद्धा त्याला जसंच्या तसं लिहिता आलं नाही! मी ते पत्र वाचलं तेव्हा हसू आलं होतं, गर्टी फ्रीमॉन्ट म्हणे. आता या ऑफरनंतर परत वाचलं तर हसू नाही आलं.

गेम लिहिणाऱ्या एमी हेनिगचं तसंच. 'अनचार्टेड' गेमचे २००७ ते २०११ मधले पहिले तिन्ही भाग तिच्या हातचे, २०१४ मध्ये ती बाहेर पडली, चौथा भाग दुसऱ्यांनी पूर्ण केला. ती मग 'स्टार वॉर्स'च्या गेमवर गेली, तर २०१७ मध्ये तो स्टुडिओच बंद झाला. ते लिखाण कुठल्यातरी सर्व्हरवर पडलं असेल, दाखवणार कोणाला.

म्हणजे कोणाच्या पात्रांवर लिहिणं हे भाड्याच्या घरात झाडं लावण्यासारखं आहे, हे मला आधीच कळायला पाहिजे होतं असं नाही, कळलेलंच होतं. स्वतःची नवी गोष्ट घेऊनही लोक उतरतातच की, पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीने २०२० मध्ये 'राजी' गेम काढला, विष्णू अन् दुर्गा मिळून गोष्ट सांगतात त्यात. पण त्याला आधी टीम पाहिजे, पैसा पाहिजे. माझ्याकडे लॅपटॉप अन् कूलर.

जेवण झाल्यावर पुतण्या आमचा मागचा मोबाईल गेम खेळत होता. ज्या कट सीनसाठी, म्हणजे खेळ थांबवून मध्येच दिसणाऱ्या गोष्टीच्या तुकड्यासाठी, मी झोपा घालवल्या तो आला, पोराने डोळे वर न करता स्किप दाबलं. कट सीन सुरू व्हायच्या आत त्याचा अंगठा तयारच होता. मी काही बोलले नाही. मग थोड्या वेळाने त्याची आजी, म्हणजे माझी आई, पाण्याचा तांब्या घेऊन अंधारातून आली तर हा ओरडतो, "अबे कोई है क्या, के मेरे कान बज रहे?" माझी लाईन! हुबेहूब त्या आवाजात, कंटाळलेल्या पहारेकऱ्याच्या. म्हणे शाळेत सगळेच म्हणतात. आई घाबरली ती घाबरली, वरून म्हणते असलं कोण शिकवतं रे तुला.

'स्कायरिम'मधला पहारेकरी आठवा, २०११ चा. पूर्वी मीपण तुझ्यासारखा भटकायचो, मग गुडघ्यात बाण लागला, असं काहीसं बोलतो तो. ज्यांनी गेम उघडून पाहिला नाही त्यांनापण हे वाक्य माहीत आहे, लिहिणाऱ्याचं नाव विचारा बरं.

तर घ्यायचं काम, हे ठरलं. फक्त क्रेडिटच्या अक्षरांवरून भांडण्यापेक्षा मला कधी बोलावतात यावरून भांडायचं. 'मिरर्स एज' गेममध्ये लेखिका रिआना प्रॅचेट आली तोवर लेव्हल, म्हणजे खेळायचे टप्पे, बहुतेक बनून गेल्या होत्या, मग लेखकाच्या हाती उरतं काय, हिरोईन या छपरावरून त्या छपरावर काहून उडी मारते त्याचं कारण शोधणं. 'टूम रेडर'ला २०१३ मध्ये तिनेच त्या गेमची हिरोईन लारा नव्याने उभी केली, म्हणजे हात कच्चा नव्हता, बोलावणं उशिरा होतं. आपल्याकडेही हेच, लेखक म्हणजे शेवटी टाकायची कोथिंबीर समजतात.

मेल केला. लेव्हल लॉक व्हायच्या, म्हणजे पक्क्या होऊन बदल बंद व्हायच्या आधी मला मीटिंगमध्ये बसवा, आणि बार्क्स दुसऱ्याला देऊ नका, ते मीच लिहिणार. दुसरी मागणी वाचून प्रोड्यूसरला नवल वाटलं असणार, बार्क्स लोक ज्युनियरवर ढकलतात. अर्ध्या तासात उत्तर, पहिल्या तीन लेव्हल लॉक आहेत, बाकीच्या अजून चालू आहेत, बार्क्स खुशाल घ्या, सोमवारी कॉल करू. पैशाचा आकडा कुठेच नाही त्यात. सोमवारी आधी तोच विचारते.