रांगोळीचे थर आणि खाडीतले किडे : तिसऱ्या टाकीचे ४२ दिवस

खाडीतले किडे बिळं कशी करतात ते पाहायला मी काचेच्या अरुंद टाकीत चिखल भरून त्यात किडे सोडतो. मागच्या नोंदीत दुसरी टाकी काळी पडून वास मारायला लागल्याचं लिहिलं होतं. तिसरी टाकी आज ४२ दिवसांची झाली. चारपैकी तीन किडे जिवंत आहेत आणि त्यांनी एवढं काम करून ठेवलंय की आता ते लिहून काढलंच पाहिजे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडं. ट्रेस फॉसिल म्हणजे प्राण्याचं हाड किंवा शिंपला नव्हे, तर त्याने गाळात केलेल्या उद्योगाची खडकात उरलेली खूण. बीळ, चालण्याचा माग, चरण्याची नागमोडी रेघ, नुसतं बसून राहिल्याचा ठसा, हे सगळं त्यात येतं. मी ठाण्यात राहतो. इथे पायाखाली डेक्कन ट्रॅपचा बेसॉल्ट आहे आणि पारसिकच्या डोंगरातही तोच. लाव्हारसाच्या थरांत समुद्री बिळं सापडायची नाहीत. म्हणून मी दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. अजून खडक न झालेला, भरती-ओहोटीत रोज भिजणारा खाडीचा चिखल तर आपल्या दारातच आहे.

हा रस्ता काही माझा शोध नाही. एकोणिसाव्या शतकात अशा खुणांना सर्रास समुद्री शेवाळाचे जीवाश्म समजत. झूफायकॉससारख्या नावांच्या शेवटी येणारं ‘फायकॉस’ म्हणजे ग्रीकमध्ये समुद्री शेवाळच. स्वीडनच्या आल्फ्रेड नाथोर्स्टने जिवंत प्राणी मऊ गाळावर चालवले, त्यांचे माग जुन्या खडकांतल्या ‘शेवाळा’शी ताडून पाहिले आणि १८८१ मध्ये दाखवून दिलं की यातली बरीचशी शेवाळं म्हणजे प्राण्यांच्या खुणा आहेत. ती शेवाळाची नावं मात्र आजही तशीच चालतात. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी त्याच संध्याकाळी काचवाल्याकडे गेलो होतो.

टाकी अशी आहे : ४५ सेंटिमीटर लांब, ३० उंच, दोन काचांमध्ये अंतर फक्त ३ सेंटिमीटर. अंतर जास्त ठेवलं तर किडा मधोमध बीळ करतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. सिलिकॉन लावल्यावर या वेळी पूर्ण तीन दिवस वाळू दिलं. पहिली टाकी एका रात्रीत पाणी भरल्यामुळेच गळली होती. चिखल नवी मुंबईतल्या दिवाळे गावाच्या जेट्टीवरून आणला. अभयारण्याच्या हद्दीत किंवा तिवरांत शिरून काही उचलायचं नाही, हा नियम मी पहिल्या दिवसापासून पाळतो. जेट्टीवर एक काका होडीचा नांगर धूत होते. त्यांना विचारलं, “काका, हा नांगराचा चिखल बादलीभर नेऊ का?” ते म्हणाले, “ने ना, खाडीत चिखल काय कमी हाय?” गळाला लावायला ठेवलेले चार किडेही त्यांनीच दिले. नेरीसच्या कुळातले, बोटभर लांब, कडेने पायांची झालर असलेले.

चिखल चाळून दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवला, म्हणजे आधीपासून त्यात असलेले जीव उरत नाहीत आणि दिसेल ते सगळं आपल्याच किड्यांचं असतं. आईने त्यासाठी फ्रीजरचा एक खण रिकामा करून दिला. मग थर लावले : २ सेंटिमीटर चिखल, त्यावर चहाच्या गाळणीतून भुरभुरवलेली शिरगोळ्याची पांढरी रांगोळी, पुन्हा चिखल. अशा आठ पांढऱ्या रेघा. ही युक्ती करणार असाल तर रंगीत रांगोळी वापरू नका, रंग पाण्यात सुटतो. वर खाडीचं पाणी, मत्स्यालयाच्या दुकानातला छोटा हवेचा पंप, आणि काचेला बाहेरून काळा कागद. कागद फक्त नोंदीपुरता काढतो.

आता दुसऱ्या टाकीबद्दल एक गोष्ट राहिली होती. ती टाकी पंप बंद राहिल्याने मेली, हे खरं. पण फोडण्याआधी मी तिचे फोटो काढून ठेवले होते आणि ते मोठे करून पाहिले तेव्हा थक्क झालो. सगळा चिखल काळा, आणि त्या काळ्यात जिथे जिथे बीळ होतं तिथे दीड-दोन मिलिमीटर जाडीची तांबूस कड. किडा बिळातून पाणी खेळवतो, पाण्याबरोबर ऑक्सिजन आत जातो आणि बिळाच्या भिंतीपाशी लोह गंजतं. बाहेर ऑक्सिजन नाही, म्हणून तिथे लोहाचं सल्फाइड होऊन काळा रंग. खडकात बिळांभोवती जी वेगळ्या रंगाची वलयं दिसतात त्यांतल्या काहींची सुरुवात अशीच होत असणार. ब्रॉम्ले आणि एकडेल यांनी १९८४ मध्ये काँड्राइटीस या मुळांसारख्या फुटलेल्या बारीक बिळांवरून गाळातला ऑक्सिजन संपल्याचं ओळखता येतं असं मांडलं. ते वाक्य मी कितीदा तरी वाचलं होतं. कळलं ते घरातल्या काळ्या चिखलाकडे बघून.

तिसऱ्या टाकीत थर किती ढवळले गेले त्याचं मोजमाप टेलर आणि गोल्डरिंग यांच्या १९९३ च्या पट्टीने करतो. ० म्हणजे थर जसेच्या तसे, ६ म्हणजे मूळ थराचा मागमूस नाही. काचेवर चौकोन आखलेली पारदर्शक शीट धरायची आणि पांढरी रेघ तुटलेले चौकोन मोजायचे. १२ व्या दिवशी वरच्या ६ सेंटिमीटरला २ गुण पडले. ३० व्या दिवशी ४. पण १० सेंटिमीटरच्या खाली ज्या रेघा आहेत त्या अजून ताठ आहेत, फक्त चार ठिकाणी उभ्या बिळांनी छेदलेल्या. हे पाहिल्यावर एक जुनी शंका मिटली. वरचा गाळ सतत ढवळला जातो, तिथली खूण उद्या दुसरी खूण पुसते. गाळ साचत जाऊन तळ वर चढला की खोलवरची बिळं या ढवळलेल्या भागालाही कापत जातात, आणि खडकात ठळक उरतात ती तीच. म्हणजे खडकात दिसतो तो प्राण्यांच्या वस्तीचा पूर्ण हिशोब नसतो, सर्वांत खालच्या मजल्यावरच्यांचा जास्त असतो.

आणि आता मला सर्वांत जास्त सांगायची गोष्ट. चारही किडे एकाच बादलीतले आणि, माझ्या नजरेला तरी, एकाच जातीचे. पहिल्याने यू आकाराचं बीळ केलं, दोन तोंडांचं. दुसऱ्याचं बीळ वर वाय आकारात फुटलंय. तिसरा कोपऱ्यात नुसता सरळ खाली गेला. हीच तीन बिळं मला खडकात मिळाली असती तर मी वहीत अरेनिकोलाइटीस, पॉलिक्लाडिक्नस आणि स्कोलिथॉस अशी तीन नावं लिहिली असती, आणि ती बरोबरच असती. कारण ट्रेस फॉसिलचं नाव आकाराला असतं, करणाऱ्याला नसतं. हे वाक्य आपण खुणा शोधणारे सगळेच म्हणतो. पण ‘हे कुठल्या किड्याचं?’ हा प्रश्न आपल्याला सुटत नाही, मलाही सुटत नव्हता. गेल्या वर्षभरातल्या माझ्या वहीत निम्म्या फोटोंखाली मी प्राण्याचं नाव लिहिलंय. ती सगळी पानं मी आता पुन्हा लिहितोय. प्राण्याच्या जागी आकार, व्यास, दिशा आणि भिंत कशी आहे एवढंच.

२३ व्या दिवशी मुद्दाम वरून ३ सेंटिमीटर बारीक वाळू एकदम सोडली, वादळात साचते तशी. दीड तास काही हललं नाही. मग कोपऱ्यातल्या सरळ बिळाच्या वर वाळू हळूहळू खचू लागली आणि किड्याचं डोकं बाहेर आलं. तो गेला त्या वाटेवर वाळूच्या पातळ रेघा खाली झुकल्या आहेत, एकात एक ठेवलेल्या नरसाळ्यांसारख्या. पुस्तकात ‘सुटकेची खूण’ म्हणून जे चित्र असतं तेच, काचेला चिकटून, माझ्या नखाएवढं. चौथा किडा वर आलाच नाही.

मागच्या डिसेंबरात भूजजवळच्या एका नदीपात्रात झुरान फॉर्मेशन या खडकांच्या थरगटातल्या जुरासिक वालुकाश्मावर आडवी पसरलेली यू बिळं पाहिली होती, ऱ्हायझोकोरॅलियम. यूच्या दोन भुजांमध्ये एकामागे एक कमानींच्या रेघा होत्या. प्राणी बीळ सरकवत नेतो तेव्हा जुन्या भिंती मागे राहतात त्या ह्या. हीच रचना उभी असली की डिप्लोक्रेटेरियन. गोल्डरिंगने इंग्लंडमधल्या डेव्हनच्या खडकांतल्या एकाला १९६२ मध्ये डिप्लोक्रेटेरियन योयो असं नाव दिलं, कारण योयो या खेळण्यासारखा, तळावर गाळ साचला की प्राणी वर सरके आणि गाळ धुऊन गेला की खाली. त्या रेघा मोजल्या की समुद्राच्या तळावर कधी भर पडली, कधी धूप झाली ते क्रमाने वाचता येतं. वाळू टाकण्याआधी मला ते नुसतं एक चमत्कारिक नाव वाटायचं.

यावरून झाय्लाखरच्या इक्नोफेसीजबद्दल, म्हणजे एकत्र सापडणाऱ्या खुणांच्या गटांबद्दल, एक बोलायचंय. आडोल्फ झाय्लाखरने १९६७ मध्ये खुणांचे गट खोलीशी जोडून मांडले : किनाऱ्याजवळ स्कोलिथॉस, पुढे क्रुझियाना, मग झूफायकॉस, खोल समुद्रात नेराइटीस. आपल्यातले बरेचजण त्याचा उपयोग खोली मोजायच्या फूटपट्टीसारखा करतात. मला ते पटत नाही. प्राण्याला खोली कळत नाही. त्याला कळतं पाणी किती जोरात हलतंय, तळ मऊ आहे की घट्ट, अन्न तरंगत येतंय की गाळात साचलंय आणि श्वास घेता येतोय का. या गोष्टी बहुधा खोलीबरोबर बदलतात म्हणून तक्ता चालतो. माझ्या टाकीत पाणी ८ सेंटिमीटर आहे. पंप बंद झाला तर एका आठवड्यात तिथेही श्वास कोंडतो.

पुढचं काम : टाकी ६० व्या दिवशी उतरवायची, पाणी निथळू द्यायचं आणि बिळांत पातळ एपॉक्सी ओतून साचे काढायचे. त्याआधी तिन्ही किडे दिवाळ्याच्या जेट्टीवर परत सोडायचे आहेत. चिखल न फोडता ते बाहेर कसे काढायचे हे मला अजून सुचलेलं नाही. कुणी केलं असेल तर जरूर कळवा. कोपऱ्यातल्या किड्याने काल रात्री वाळूतून दुसरं तोंड उघडलंय, अगदी काचेला लागून. सरळ बीळ होतं त्याचं आता यू होतंय. त्या तोंडाशी मी मार्करने ४२ लिहिलंय.